लॅपटॉपची स्क्रीन अंधारली तेव्हा… तुमचेही अनुभव लिहा

रातराणी
काल रात्री जेवणं उरकून ओटा पुसत होते तर लेक आतून ओरडला, "आई, लॅपटॉप मेला!" जाऊन बघते तर पंखा घरघरतोय, कीबोर्डचे दिवे लागलेत, विंडोज सुरू झाल्याचा आवाजही आला, पण स्क्रीन काळी ठिक्कर. नवऱ्याने सोफ्यावरूनच निदान केलं, "गेला. आता नवीन." मी खोलीतला दिवा घालवला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि स्क्रीनवर तिरका उजेड पाडला. आत पुसटसं सगळं जागच्या जागी होतं. घड्याळ, पासवर्डचा चौकोन, मागे शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा फोटो. दोघं माझ्याकडे असे बघायला लागले की मी भूतच उतरवलंय.

ही विद्या माझी नाही. २००९ ची गोष्ट. तेव्हा आम्ही डोंबिवलीत, मी एमसीएच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्ट द्यायला आठ दिवस राहिलेले आणि स्क्रीन अशीच अंधारली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, पूर्ण डिस्प्ले बदलावा लागेल, साडेनऊ हजार. बाबांनी कोटेशनच्या कागदाची घडी केली, खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन मुंबईतला लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, गाठला. पहिल्या मजल्यावर एक दुकान, दुकान कसलं, जिन्याखालची खोपटी. त्यातल्या काकांनी लॅपटॉप सुरू केला, ट्यूबलाइट बंद करायला लावली आणि पेनाएवढा टॉर्च स्क्रीनवर हळूहळू फिरवायला लागले. गाभाऱ्यात पुजारी निरांजन फिरवतो ना, तेवढ्या गोलात मूर्तीचा एकेक भाग दिसतो, तसं. आधी रिसायकल बिन दिसला. मग माझ्या प्रोजेक्टचा फोल्डर. मग वॉलपेपरवरच्या आजीचा चष्मा. आजी जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी तिथेच रडायला लागले आणि काकांना वाटलं मी पैशासाठी रडतेय.

"बाई, चित्र आहे की आत. ट्यूब पेटत नाहीये नुसती," म्हणाले. मग बाबांना समजावलं. एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो. मागे काडीएवढी बारीक ट्यूब असते आणि तिला पेटवायला स्क्रीनच्या खाली पट्टीसारखा एक इन्व्हर्टर. घरच्या ट्यूबलाइटला चोक असतो तसाच. चोक गेला म्हणून कोणी ट्यूबसकट भिंत बदलतं का? साडेआठशे रुपयांत काम झालं. खाली येऊन बाबांनी चार वडापाव घेतले, दोघांत चार. एरवी एकावर भागवणारा माणूस.

लेकाच्या लॅपटॉपमध्ये ती ट्यूब नाही, एलईडी आहेत, एवढं मला माहीत आहे. पुढे काय करायचं ते कळेना. दुकानात नेईनच, तोवर तुमचे किस्से येऊ द्या.

गोट्या_२
आमच्याकडे मांजर कीबोर्डवर झोपलं होतं. प्रकाश कमी करायचं बटण दाबलं गेलं. दुकानदाराने ते बटण परत वर केलं आणि ३०० रुपये घेतले. मांजर अजून आहे.

चकली
@गोट्या_२ 😂😂 आमच्याकडे हेच, फक्त मांजराऐवजी नवरा.

बुलडीवाला
ताई, वडापावपाशी थांबलो थोडा वेळ. मी नागपूरला हेच काम करतो, बारा वर्षं झाली. टॉर्चमध्ये चित्र दिसलं ना, मग अर्धं काम झालं समजा. मदरबोर्ड म्हणजे आतला मुख्य बोर्ड चित्र पाठवून राहिला, पॅनेल म्हणजे स्क्रीनची काच ते दाखवून राहिलं, फक्त मागचा उजेड, बॅकलाइट, नाही. टॉर्चमध्ये काहीच दिसलं नसतं तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर काढायची आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून ठेवायचं. मग रॅम, म्हणजे मेमरीची छोटी पट्टी, काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवायचा. हसू नका, कित्येक लॅपटॉप या पाच रुपयांच्या खोडरबरनं उठून बसतात.

आता तुमचं. स्क्रीन हळूच पुढेमागे करून पाहा. एखाद्या कोनात उजेड झपकन येऊन जात असेल तर बिजागरीतून जाणारी केबल. तिच्यात केसासारख्या तारा असतात. रोज उघडझाप, रोज तिथंच वाकणार, तुटणारच कधी ना कधी. काहीच फरक नाही पडला तर बोर्डावरचा बॅकलाइटचा फ्यूज पाहावा लागते. तिळाएवढा राहते. मल्टिमीटर लावला, बीप नाही वाजला, तर गेला.

हा फ्यूज लोकं स्वतःच्या हातानं उडवतात. मागे एक इंजिनिअर भाऊ आले. व्हिडिओ पाहून घरीच पॅनेल बदललं, पण बॅटरीचा कनेक्टर काढलाच नाही. स्क्रीनचं कनेक्टर थोडं तिरपं बसलं, शेजारच्या पिनेला टेकलं, फ्यूज गेला. जुन्या पॅनेलला उजेड नव्हता, नव्यालाही नाही. म्हणे तुमच्या नागपूरच्या हवेत काहीतरी आहे.

लंबूटांग
हवेत आहेच. मे महिन्यात आमचा लॅपटॉप आपोआप शिजतो.

सोनचाफा
रातराणी, आजीच्या चष्म्यापाशी डोळ्यात पाणी आलं ग. माझ्या आईचा आवाज असाच एका बंद पडलेल्या फोनमध्ये आहे. चार्जच होत नाही. टाकवत नाही. विषय वेगळा आहे, माहीत आहे.

रातराणी
@सोनचाफा 🫂 टाकू नकोस. एकदा कुणाला तरी दाखव.
@बुलडीवाला दादा, आत्ता पुढेमागे करून पाहते. कणीक मळतेय, हात धुवून.

स्टुटगार्टकर
बुलडीवाल्यांचं केबलचं अगदी बरोबर. माझा लॅपटॉप अर्धवट मिटला तरच दिसायचा. साधारण दार किलकिलं असतं तेवढा. अर्धा थीसिस मी टेबलावर गाल टेकवून लिहिलाय. गाइडने व्हिडिओ कॉलवर विचारलं, बरं नाही का?

इथे दुकानात नेलं तर तपासणीचेच इतके पैसे सांगितले की मी नमस्कार करून बाहेर पडलो. पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर आणि लॅपटॉपचं मॉडेल बघून केबल मागवली. पिना मोजून घ्या हे महत्त्वाचं. जुन्यांना बहुधा ४० पिनांचं कनेक्टर, नंतरच्यांना ३०. मी पहिल्यांदा चुकीची मागवली होती. रविवारी सकाळी टेबलावर पांढरी चादर पसरून बसलो. बेझलची प्लास्टिकची चौकट सोडवायला जुनं लायब्ररी कार्ड वापरलं, स्क्रूड्रायव्हरने उचकटली की खाचा मोडतात. तीन तास लागले. सुरू झाला! दोन स्क्रू उरले.

अवलिया
स्क्रू उरले नाहीत तर दुरुस्ती झाली असं मानत नाहीत आमच्यात.

चकली
माझे बाबा मिक्सर दुरुस्त करून उरलेले स्क्रू श्रीखंडाच्या डब्यात ठेवायचे. तो डबा भरला तेव्हा घरात चालू असं एकच यंत्र होतं, पाटा-वरवंटा.

बुलडीवाला
@स्टुटगार्टकर ते दोन बिजागरीचे तर नाहीत ना भाऊ? तिथले असतील तर झाकण एका बाजूनं ओढल्या जाईल आणि नवी केबलही जाईल. पाहून घ्या.

स्टुटगार्टकर
आता झोप लागायची नाही. धन्यवाद 🙏

ठमाकाकू
मोबाईलवरून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, आता निवृत्त. २०२० मध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि चौथ्या दिवशी माझ्या लॅपटॉपची स्क्रीन इतकी मंद झाली की मुलांचे चेहरे म्हणजे नुसत्या सावल्या. दुकानं बंद. भाच्याने फोनवर सांगितलं, आत्या, टीव्हीला जोड. एचडीएमआयची वायर सेटटॉप बॉक्सची काढून लावली तरी टीव्हीवर काही येईना. मग म्हणाला, विंडोजचं बटण दाबून धर आणि पी दाब, बाजूला यादी येईल. आता ती यादी अंधारात दिसणार कशी? ह्यांनी टॉर्च धरला, मी भिंग धरलं. "डुप्लिकेट" सापडलं आणि बत्तीस इंची टीव्हीवर माझाच चेहरा आला. दचकले.

त्यानंतर दीड महिना मी टीव्हीसमोर पाटावर बसून शिकवलं. सासूबाईंची मालिका बुडायची. त्या मागे बसून भागाकार ऐकायच्या. एकदा एका मुलाला उत्तर येईना तर मागून त्याच बोलल्या, "सात उरले रे बाळा." सगळा वर्ग हसला. पुढे मुलं आधी विचारायची, आजी आल्या का?

सोनचाफा
काकू, किती गोड!! लॅपटॉपचं पुढे काय झालं?

ठमाकाकू
कोण जाणे. शाळेचा होता, जमा केला.

पिक्सेलपंडित
सगळे हार्डवेअरवर घसरलेत म्हणून एक वेगळा. मी लग्नाचे अल्बम करतो. नवीन लॅपटॉप घेतला आणि स्क्रीन स्वतःच्या मनाने मंद-उजळ व्हायला लागली. मंडपाचा उजळ फोटो उघडला की लख्ख, रात्रीच्या वरातीचा उघडला की आणखी अंधार. दोन वेळा पॅनेल तपासून आणलं. पॅनेल ठणठणीत. बॅटरी वाचवायला चित्र बघून मागचा उजेड कमी-जास्त करणारी सोय होती ती. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आणि ग्राफिक्सच्या पॉवरच्या पानावर, अशा दोन ठिकाणी बंद करावी लागली. तोवर एका नवरीला मी जरा जास्तच गोरी करून ठेवलं होतं. तिची तक्रार आली नाही, सासूची आली.

अवलिया
काही लॅपटॉपना वेबकॅमशेजारी उजेड मोजणारा सेन्सरही असतो. माझ्या पोरीने त्यावर बाहुलीचं स्टिकर चिकटवलं होतं. लॅपटॉपला वाटायचं सदैव रात्र.

लंबूटांग
आणि उजेडाची पट्टी पूर्ण वर असून चित्र कुठेच नाही, असं असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. बीप वाजतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. फुकट आहे, करून बघायला काय जातंय.

गोट्या_२
मांजराने हे आधीच दाबून पाहिलंय.

बेबीआत्या
माझा किस्सा कुणाला खरा वाटत नाही. मामंजी दुपारी लॅपटॉपवर पत्ते खेळतात. त्यांच्या हातात लॅपटॉप गेला की पाच मिनिटांत स्क्रीन काळी. माझ्या हातात दिवसभर नीट. दीर म्हणाले, बाबांच्या हातात वीज आहे. मामंजींना ते आवडलं पण. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. दुरुस्तीवाल्याकडे दोनदा नेला, दोन्ही वेळा त्याच्याकडे छान चालला.

तिसऱ्यांदा तो घरी आला, म्हणाला आजोबा, खेळा, मी बघतो. मामंजींनी डावा हात कीबोर्डच्या खाली टेकवला आणि गेली स्क्रीन. हात उचलला, बटण दाबलं, आली. त्या मनगटात संधिवातासाठी घेतलेलं चुंबकाचं कडं! झाकणाच्या कडेत लहानसं चुंबक असतं आणि खाली बॉडीत ते ओळखणारा सेन्सर. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपी जातो तो त्याच्यामुळे. कडं बरोब्बर त्यावर टेकायचं, लॅपटॉपला वाटायचं झाकण मिटलं. मामंजी म्हणाले, कडं काढणार नाही. आता उजव्या हातात घालतात, आणि माउस डाव्या हाताने धरतात.

बुलडीवाला
हे खरं आहे बरं. माझ्याकडे एक जण दोन लॅपटॉप एकावर एक ठेवून काम करायचे, वरचा झोपून जायचा. खालच्याचं चुंबक लागायचं.

जास्वंद
तांदळाच्या डब्यात ठेवला तर? आमच्या स्क्रीनवर पावसात पाणी उडालंय, एक बाजू अंधारी दिसते.

बुलडीवाला
ताई, तांदूळ नका करू. मी यूएसबीतून चिमट्यानं दाणे काढलेत. बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही. ओला असताना सुरू करून पाहायचा मोह आवरा, दुकानात खोलून वाळवून घ्या. आणि कुणाचा ट्यूबवाला जुना लॅपटॉप असेल अन् सुरू केल्यावर आधी गुलाबी दिसत असेल तर ट्यूब म्हातारी झाली समजा. पण तो इन्व्हर्टर चालू असताना घरी खोलू नका, छोटासा दिसतो पण शेकडो व्होल्ट काढतो.

रातराणी
अपडेट देते. पुढेमागे केल्यावर अर्ध्या सेकंदापुरता उजेड आला आणि गेला. संध्याकाळी दुकानात नेला, केबलच निघाली. मजुरीसकट चौदाशे. दुकानातला मुलगा लेकाला म्हणाला, दादा, लॅपटॉप स्क्रीनला धरून उचलतोस ना? लेक माझ्याकडे बघायला लागला. मी नाही सांगितलं रे, तुझी बिजागरीच बोलतेय.

त्या मुलाकडे टॉर्च नव्हता, मोबाईलचाच वापरला. येताना वडापाव घेतले. लेक म्हणाला, चार कशाला?

बेबीआत्या
छान झालं ग. 🙂

जास्वंद
@बेबीआत्या ते कडं कुठे मिळालं? आईचे गुडघे फार दुखतात.

बेबीआत्या
@जास्वंद जत्रेत घेतलं होतं, दीडशेला. दुखणं आहे तसंच आहे अजून. व्यनि (खाजगी निरोप) करते.