जुना कचरा डेपो उकरून हाती काय लागतं? (सोलापूर)

हैदराबाद_नाका: तुळजापूर रोडच्या डेपोसारखा जुना ढीग उकरायचा विषय निघाला की लोक आधी लोखंड-प्लास्टिकचा हिशेब मांडतात. भंगारात जाणारं जे होतं ते वेचणाऱ्यांनी कधीच नेलंय. चुंबकाखाली वजनाच्या एक टक्काही येत नाही. साधारण निम्मी निघते ती बारीक माती, पंधरा-वीस टक्के जळाऊ माल (पिशव्या, चिंध्या, चपला, रबर), उरलेला दगड-विटांचा राडारोडा. माझं मत असं की ठेकेदाराला पैसे उकरलेल्या टनावर देऊच नयेत, गेटबाहेर गेलेल्या टनावर द्यावेत. नाहीतर एका ढिगाचे चाळलेले तीन ढीग होतात आणि काम ‘पूर्ण’!

चाळणीवाला: कागदावर छान वाटतं. पण गणित करा. 100 टन कचऱ्यात 35 टक्के ओल धरा. वाळवून ती 20 वर आणली की उरतात 81 टन. 19 टन पाणी वाफ होऊन गेलं, त्याचे पैसे कोण देणार? आणि वाळवल्याशिवाय चाळता येत नाही. आधी पोकलेनने ढीग फोडून दोन-अडीच मीटर उंचीच्या रांगा लावायच्या, जिवाणूंचं द्रावण फवारायचं, आठवड्याला एकदा अशा चार पलट्या मारायच्या. मग ट्रॉमेल (फिरती नळकांडी चाळणी): आधी 80-100 मिमीची जाळी, मग 35 ची, शेवटी 6 किंवा 4 ची. ओला माल टाकला की बारीक जाळीची भोकं बुजतात, माती प्लास्टिकला चिकटूनच पुढे जाते, म्हणजे मातीही गेली आणि प्लास्टिकही नासलं. आपल्याकडचा एप्रिल-मे या कामाला सोन्यासारखा. पावसाळ्यात रांगांवर ताडपत्री टाकून गप्प बसायचं.

अजून एक खास सोलापुरी दुखणं. यंत्रमागाचं सूत, चादरी-टॉवेलच्या कडा. हे ट्रॉमेलच्या रोलरला आणि श्रेडरच्या (तुकडे करणाऱ्या मशीनच्या) दात्यांना गुंडाळतं, मशीन थांबवून कटरने कापत बसावं लागतं. लांब चिंध्या पहिल्या जाळीआधी हातानेच काढायला माणसं ठेवा.

विजापूर_वेस: @हैदराबाद_नाका, तुम्ही जळाऊ मालाला उगाच कमी लेखताय राव. आरडीएफ (कचऱ्यापासूनचं इंधन) करून सिमेंटवाल्यांना द्या. होटगीला कारखाना दाराशी आहे.

चाळणीवाला: होटगीचं युनिट दळणाचं आहे, तिथे क्लिंकरची (सिमेंटचा कच्चा माल भाजायची) भट्टी नाही. आरडीएफ जाळणार कशात? भट्ट्या कलबुर्गीच्या पलीकडे, वाडी-मळखेड-सेडम पट्ट्यात. 2016 च्या घनकचरा नियमांत आरडीएफ प्रकल्पापासून 100 किमीच्या आतल्या उद्योगांनी 5 टक्के इंधन त्याचं वापरावं असं होतं, पण त्या भट्ट्या 100 च्या बाहेर पडतात. सुटा माल नेला तर ट्रक वजनाने भरायच्या आधी आकारानेच भरतो. गठ्ठे बांधायचं मशीन नसेल तर भाडंच अंगावर येतं.

विजापूर_वेस: भाड्याचं मान्य. पण पर्याय काय? पुन्हा पुरायचं? किलोमागे 1500 किलोकॅलरीच्या वरचा माल पुरायला त्याच नियमांनी मनाई केली. गठ्ठे बांधा, राख कमी करा. राख वाढते ती चिकटलेल्या मातीमुळेच, म्हणजे नीट वाळवलं तर अर्धा प्रश्न सुटतो. रेक्झिन आणि पीव्हीसी मशीनच्या सरकत्या पट्ट्यावरच वेचून काढा. क्लोरीन एक टक्क्याच्या वर गेलं की भट्टीत चिकटे धरतात आणि गाडी परत येते.

माती_तपासा: सगळे जळाऊ मालावर भांडताय आणि निम्मा माल असलेल्या मातीबद्दल एकही बोलत नाही. 1953 मध्ये तेल अवीवला डेपो उकरला तो संत्र्याच्या बागांना माती हवी म्हणून. आज ते आंधळेपणाने करू नका. खत म्हणून विकायचं तर खत नियंत्रण आदेशाच्या मर्यादा आहेत: शिसं 100, कॅडमियम 5, क्रोमियम 50 मिग्रॅ प्रतिकिलो, क्षारता 4 डेसीसायमन प्रतिमीटरच्या आत, सेंद्रिय कर्ब किमान 12 टक्के. जुन्या ढिगात कर्ब बहुतेक कुजून संपलेला असतो आणि काचेचे तुकडे 4 मिमीच्या जाळीतूनही उतरतात. वर, बेसाल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत क्रोमियम आणि तांबं मुळातच जास्त. कचरा झाकायला डेपोवर टाकलेला थरही त्याच मातीचा. म्हणून शेजारच्या स्वच्छ रानाचा नमुना सोबत तपासल्याशिवाय आकडा कशामुळे वाढला ते कळत नाही. भाजीपाल्याला ही माती नकोच. रस्त्याच्या भरावात चालेल, पण विहिरीजवळ नको. क्षार पावसाबरोबर खाली उतरतात.

हैदराबाद_नाका: @चाळणीवाला, वाफेचा मुद्दा पटला. मग असं करा: कामाआधी आणि नंतर ड्रोनने ढिगाचं घनमाप घ्या, बिलाचा 60 टक्के त्यावर, 40 टक्के वजनकाट्याच्या पावत्यांवर. माल घेणाऱ्याची पोच लागल्याशिवाय तो 40 सोडू नका.

चाळणीवाला: घनमापाचं चालेल, पण डेपोचा तळ कुठे आहे ते आधी बोअर मारून बघा. खाली खड्डे असतील तर ड्रोनला दिसत नाहीत, आणि मग ठेकेदार-पालिका वाद तिथूनच सुरू. 40 मात्र जास्त होतात. डिझेल रोज रोखीने लागतं. 25 ठेवा. आणि उकरताना धूर दिसला तर पाणी मारत बसू नका. तो भाग अलग करून पसरवा, वर मुरूम टाका. आतली आग वरच्या पाण्याने विझत नाही.

हैदराबाद_नाका: 30.