छोटे धक्के बसले म्हणजे मोठा भूकंप टळला का?

हिंगोली-नांदेडकडे 4 च्या आसपासचा धक्का बसला की लगेच दिलासा फिरायला लागतो: "चांगलंच आहे, जमिनीतला ताण मोकळा होतोय." हे सांगणं थांबवा. तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे 32 पट होते. म्हणजे 6 च्या एका भूकंपाची ऊर्जा बाहेर पडायला 4 चे हजारेक धक्के लागतील. किल्लारीत ऑक्टोबर 1992 मध्येही छोटे धक्के बसले होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे काय झालं, ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

प्रतिसाद
गणित मान्य. पण मग लोकांना सांगायचं काय, घाबरा? कोयनेत डिसेंबर 1967 च्या मोठ्या भूकंपानंतर हजारो छोटे धक्के बसले, 6 चा एकही नाही. दर वेळी भीती घातली तर म्हातारीकोतारी, लेकरंबाळं घेऊन लोक रात्री उघड्यावर काढतात. असं दोन-तीनदा झालं की खऱ्या इशाऱ्यालाही कुणी भीक घालत नाही.

धागाकर्ता
कोयनेत 1967 च्या आधीही, धरणात पाणी साठायला लागल्यापासून, धक्के बसतच होते. तरी मोठा आलाच. इटलीत लाक्विलाला 2009 मध्ये अधिकाऱ्याने टीव्हीवर हाच ऊर्जा मोकळी होण्याचा दिलासा दिला. आठवड्याच्या आत 6.3 चा भूकंप झाला, 300 हून जास्त माणसं गेली. दिवस-वेळ कुणालाच सांगता येत नाही, म्हणून मी इशारा मागतच नाही. घर बघा म्हणतोय. किल्लारीत माणसं मारली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, ओझ्याने. भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर बांधून ठेवणारे आरपार दगडच नव्हते, त्या फाकल्या आणि छत खाली आलं.

प्रतिसाद
घर बघा, पण पैसे कुणाचे? 1993 च्या आधी नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. सरकारलाच कळलं नाही, तिथे शेतकऱ्याने कर्ज काढून भिंत पाडायची? आणि माळवदावरची माती काढली तर उन्हाळ्यात घरात बसवत नाही.

धागाकर्ता
पैशाचं खरं आहे, मदत पडझडीच्या आधी मिळायला हवी. पण माती सगळी काढू नका. गळतं म्हणून जुन्या थरावर नवा चढवत गेलं की ओझं वाढतच जातं. जुना थर आधी उतरवा, मगच नवा टाका. त्याला कर्ज लागत नाही.