नववीच्या मुलींचं निवासी सत्र गावाकडे: वर्षभर जमेल का?

दादरवाली: मेलबर्नच्या लॉरिस्टन गर्ल्स स्कूलच्या नववीच्या मुली अख्खं वर्ष डोंगरातल्या हाऊक्वा कॅम्पसवर राहून शिकतात. आमच्या मुलींच्या शाळेत तसं काही मुरबाडकडे करायचं चाललंय. जागा आणि बोअर आहे. २४ मुली, ६ मोठी माणसं. जुलैपासून सुरुवात करावी का?

रानवाट: वर्षभराचं डोक्यातून काढा. तिथे वर्गही त्याच कॅम्पसवर भरतात. तुम्ही सगळ्या विषयांचे शिक्षक आणि प्रयोगशाळा गावात नेणार आहात का? दोन आठवडे आवणीला (भाताच्या लावणीला), दोन कापणीला, एवढं पुरे. तारखा मात्र शेतकऱ्याला विचारून. राबातली (रोपवाटिकेतली) रोपं २१ ते २५ दिवसांची झाली आणि चिखलणीपुरतं पाणी खाचरात साचलं की आवणी लागते, ती शाळेच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. भात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, असेल तर दिवाळीनंतर पोचलेल्या मुलींना नुसता पेंढा दिसेल. बस आठवडाभर मागेपुढे सरकवता येईल असंच ठरवा.

खाचरातली: जुलैत खरी अडचण कपडे वाळवण्याची. माणशी अडीच मीटर धरली तरी ३० जणांना ७५ मीटर दोरी लागते, तीही पत्र्याखाली आणि वारा खेळेल अशी. जीन्स आणायला बंदीच करा. कापडी पॅडही पावसाळ्यात नकोत. ऊन नाही, दमट राहतात आणि खाज-संसर्ग सुरू होतो. साधे पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात. एक जरी संडासात गेलं तरी पाइप तुंबतो, आणि भर पावसात मैलागाडी त्या रस्त्याने वर येत नाही. डबे भरल्यावर पुढे कुठे न्यायचे ते ग्रामपंचायतीशी आधीच बोला. पाणी माणशी रोज ८० लिटर, म्हणजे २४०० लिटर. ५००० लिटरची टाकी दोन दिवस पुरते. वीज गेली तर तेवढाच आधार. पायाला जखम असलेल्या मुलीला चिखलात उतरवू नका, लेप्टोची (दूषित चिखल-पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची) भीती असते. त्यासाठीच्या प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

दादरवाली: आभार! खाटा नाहीत. गाद्या जमिनीवर घातल्या तर चालेल ना?

खाचरातली: अजिबात नाही.

रानवाट: ताई, खाटांवर पैसे वाचवू नका. मण्यार रात्री फिरते, घरातही शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश बहुधा दुखत नाही, सूजही नसते. पहाटे मुलगी पोट दुखतंय म्हणते आणि तिला अ‍ॅसिडिटीची गोळी मिळते. पापण्या मिटायला लागल्या, गिळता येईना, की वेळ हातातून चाललीय असं समजा. आवळून बांधणं नको, चिरा नको. हातपाय हलू न देता १०८ किंवा स्वतःची गाडी. म्हणून एक गाडी चालकासह रात्रभर तिथेच हवी. प्रतिविष कुठे आहे आणि व्हेंटिलेटर कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही रुग्णालयांत जाऊन विचारून या. खाट भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा.