प्रतिसाद: राजघराण्यातल्या मुलीचा मिळकतीवरचा हक्क

राजघराण्यातल्या मुलीला घरच्या मिळकतीत वाटा मिळतो का, या प्रश्नावर वर कुणीतरी म्हटलंय की संस्थानिकांकडे गादी थोरल्या मुलाची, त्यामुळे मलबार हिलचा बंगला आणि गावची जमीन मुलीला मिळणारच नाही. इतकं सरसकट नाही हो. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 5मधली सूट (म्हणजे हा कायदा लागू न होणं) एकाच वारसाकडे जाणाऱ्या मालमत्तेपुरती, तीही भारत सरकारशी झालेल्या करारात किंवा जुन्या कायद्यात तसं असेल तरच. नुसती 'घराण्याची रीत' पुरत नाही. पंजाबातल्या फरीदकोट संस्थानच्या महाराजांचं मृत्युपत्र बनावट ठरलं आणि 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुलींचा वाटा मान्य केला.

म्हणून आधी संस्थान भारतात विलीन झालं त्या वेळची खासगी मालमत्तेची यादी काढा. मग मुंबईच्या मिळकतीसाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). तिच्यावर धारकाचं नाव बघाच, पण सत्ता प्रकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केलीय, तेही बघा: जमीन सरकारी भाडेपट्ट्याची असेल तर पट्ट्याच्या अटी लागू होतात. पालिकेचं मालमत्ता कराचं बिल कारभाऱ्याच्या नावावर निघालं तर घाबरू नका, त्याने मालकी ठरत नाही. गावाकडे सातबाऱ्यासोबत जुने फेरफारही (हक्कातल्या बदलांच्या नोंदी) घ्या, बहिणीचं नाव कुठल्या फेरफाराने कमी झालं ते तिथेच सापडतं. फेरफाराची नोटीस आली की हरकतीला 15 दिवस असतात.

घोळ होतो तो हक्कसोडीत, म्हणजे बहिणीने आपला वाटा सोडून देण्यात. साडीचोळी देऊन नोटरीसमोर सही घेतलेली असते. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायला नोंदणीकृत दस्त लागतो. मात्र 20 डिसेंबर 2004पूर्वी नोंदणीकृत वाटप झालं असेल, तर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणाऱ्या, हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीने ते वाटप पुन्हा उघडत नाही.