मदत हवी आहे: दीडशे मुलांच्या वर्गात न बघता आठवण्याचा सराव कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी. मी नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी शिकवते. मेंदूविज्ञान आणि अध्यापन या दोन्हींत मुरलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारते.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग तुमच्या वाचनात आला असेल. एकच उतारा काहींनी पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने नेमकं उलटं: वाचणारे 42, आठवून लिहिणारे 56.

म्हणून तासाच्या सुरुवातीला मी मागच्या आठवड्यातला एक प्रश्न देते. कोरा कागद, मार्क नाहीत. परवाचा प्रश्न: ह्युमरस, म्हणजे दंडाचं हाड, मधोमध मोडलं आहे, रुग्णाला मनगट वर उचलता येत नाही, पण कोपर सरळ करता येतो. का? रेडियल नर्व्ह, म्हणजे त्या हाडाला लागून खाली जाणारी नस, दुखावली आहे, हे बहुतेकांनी लिहिलं. पण ट्रायसेप्सला, म्हणजे कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला, जाणाऱ्या तिच्या फांद्या त्या जागेच्या आधीच फुटलेल्या असतात, हे मोजक्यांनीच. त्यासाठी नर्व्हची वाट डोळ्यांपुढे यावी लागते, हायलायटरने रंगवलेलं पान तिथे उपयोगी पडत नाही.

अडचण अशी की मुलं यावर नाराज आहेत. "मॅडम, वाचताना सगळं येतं, कागद समोर आला की जातं." वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आठवताना अडतं, आणि त्या अडण्यालाच ती आपली कुवत समजतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण पक्कं होतं ते त्या अडण्यातूनच. शिवाय ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने धावतपळत आलेल्यांच्या हातात आल्या आल्या कागद दिला की चेहरेच उतरतात. हा प्रश्न तासाच्या शेवटी घेतला तर चालेल का? की मग नुकतं शिकवलेलंच डोक्यात घोळत राहील?

दुसरं, एवढे कागद एकटीने तपासणं होत नाही. शेजाऱ्याकडून तपासून घेतले तर चुकीचं उत्तरच डोक्यात बसण्याची भीती वाटते. कुणी हे करून पाहिलंय का? उत्तर लगेच फळ्यावर सोडवून दाखवलं तर तेवढं पुरतं का?

आणि 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात विभागांनी विषय जोडून शिकवणं अपेक्षित आहे. हाच प्रश्न पुढे ऑर्थोपेडिक्सच्या पोस्टिंगमध्ये पुन्हा विचारला जावा असं मला वाटतं. तुमच्याकडे दुसऱ्या विभागाला यासाठी कसं तयार केलंत? त्यांच्याकडे नेमकं काय घेऊन जाऊ?