राजनैतिक संबंध तोडले, म्हणजे नेमके काय तुटते?

उंबरठा (प्रश्नकर्ते):

नमस्कार. एका देशाने दुसऱ्याशी राजनैतिक संबंध तोडल्याची बातमी येते, राजदूत सामान आवरून निघतो, दूतावासाला कुलूप लागते आणि बातमी तिथेच संपते. त्या दोन देशांत आधी झालेल्या करारांचे पुढे काय होते? तिथे राहिलेल्या नागरिकांनी कोणाचे दार ठोठवायचे? इमारत आणि कागदपत्रे कोणाच्या ताब्यात जातात? आणि अगदी निकराच्या वेळी एकमेकांना निरोप द्यायचाच झाला, तर तो जातो कसा? वर्तमानपत्रे राजदूत परत बोलावणे, अधिकाऱ्यांची हकालपट्टी आणि संबंधविच्छेद या तिन्ही गोष्टी इतक्या सैलपणे एकाच अर्थाने वापरतात की वाचून माझा गोंधळ वाढतच गेला आहे. जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

खलिता:

गोंधळ आपला नाही, बातम्यांचा आहे. राजदूताला ‘सल्लामसलतीसाठी’ मायदेशी बोलावणे ही नाराजीची पायरी झाली. दूतावास उघडाच असतो आणि कारभार प्रभारी अधिकारी पाहतो. भारत आणि पाकिस्तान यांच्यात ऑगस्ट २०१९ नंतर हीच स्थिती आली. एप्रिल २०२५ मध्ये उच्चायुक्तालयांतील माणसे ५५ वरून ३० वर आणण्याचा निर्णय झाला, तेव्हाही संबंध तोडलेले नव्हते. हकालपट्टीचेही तसेच आहे. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचे नववे कलम यजमान देशाला कोणतेही कारण न देता परक्या अधिकाऱ्याला ‘अस्वीकार्य व्यक्ती’ ठरवण्याची मुभा देते. इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे एका माजी रशियन हेरावर झालेल्या विषप्रयोगानंतर २०१८ मध्ये ब्रिटनने २३ रशियन अधिकारी घालवले आणि त्याच्या पाठोपाठ वीसहून अधिक देशांनी तेच केले, पण रशियाशी संबंध त्यांच्यापैकी कोणीच तोडले नाहीत.

संबंधविच्छेद ही याच्या पलीकडची गोष्ट. संबंध जोडायला दोघांची संमती लागते. तोडायला एकाचा निर्णय पुरतो. मात्र तोडल्यानंतरही यजमान देश मोकळा सुटत नाही. त्याच कराराचे ४४ वे कलम अधिकाऱ्यांना शक्य तितक्या लवकर सुखरूप निघता येईल अशी सोय करायला सांगते, तर ४५ वे कलम दूतावासाची इमारत, मालमत्ता आणि दफ्तर यांचा आदर आणि रक्षण करण्याचे बंधन घालते, तेही युद्ध चालू असले तरी. एप्रिल १९८४ मध्ये लंडनमधील लिबियाच्या दूतावासातून झालेल्या गोळीबारात एक महिला पोलीस ठार झाली. ब्रिटनने संबंध तोडले, पण पोलिसांनी इमारतीत घुसून कोणालाही पकडले नाही. अकरा दिवसांच्या वेढ्यानंतर आतली सगळी माणसे विमानाने लिबियाला गेली आणि त्या खुनासाठी त्या वेळी कोणालाही अटक झाली नाही. लोकांना ते पटले नाही, आणि पटू नये असेच ते होते. परंतु लिबियाच्या राजधानीत, त्रिपोलीतही त्या वेळी ब्रिटिश अधिकारी अडकलेले होते, हे सरकारला विसरता येणार नव्हते.

इमारतींचा प्रश्न विचारलात, तर इराण आणि अमेरिका यांचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेने ७ एप्रिल १९८० रोजी संबंध तोडले. तेहरानमधील अमेरिकी दूतावास आज संग्रहालय आहे. वॉशिंग्टनमधील इराणी दूतावास मात्र अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या देखरेखीखाली आहे, आणि इराणच्या तिथल्या काही मालमत्ता मधल्या काळात भाड्यानेही दिल्या गेल्या. कायदा एकच, पण तो पाळला गेला एकाच बाजूला.

करारांबद्दल थोडक्यात सांगतो. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचे ६३ वे कलम म्हणते की राजनैतिक संबंध तुटल्याने आधीच्या करारांतील कायदेशीर नाते तुटत नाही. अपवाद फक्त तेवढाच, जिथे करार चालवायला दूतावास असणे अपरिहार्य असेल. डिसेंबर १९७१ ते १९७६ या काळात भारत-पाकिस्तान संबंध तुटलेले होते, पण १९६० चा सिंधू पाणीवाटप करार तेव्हा चालू राहिला. तो स्थगित ठेवण्याचा निर्णय भारताने घेतला २०२५ मध्ये, म्हणजे संबंध जुजबी का होईना पण शाबूत असताना. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी किती कमी संबंध आहे, हे यावरून कळावे.

सीमोल्लंघन:

निरोप कसा जातो, याबद्दल मी लिहितो. संबंध तुटले की आपल्या हिताची काळजी तिसऱ्या देशाकडे सोपवता येते. त्याला ‘हितरक्षक देश’ म्हणू या. हे काम स्वित्झर्लंडने सर्वाधिक केले आहे. दुसऱ्या महायुद्धात त्याने ३५ देशांच्या वतीने दोनशेहून अधिक कामगिऱ्या सांभाळल्या होत्या. १९७१ नंतर भारताची पाकिस्तानातील आणि पाकिस्तानची भारतातील बाजूही त्यानेच पाहिली. इराणमध्ये १९८० पासून अमेरिकेचे हितरक्षण स्विस दूतावास करतो. वॉशिंग्टनमध्ये इराणसाठी ते काम पाकिस्तानच्या दूतावासातील एक कक्ष करतो. जानेवारी २०२० मध्ये इराणी सेनानी कासिम सुलेमानी अमेरिकेच्या हल्ल्यात मारले गेले, तेव्हा जाहीर सभांत आणि समाजमाध्यमांवर दोन्ही बाजू एकमेकांना धमकावत होत्या. त्याच दिवसांत तेहरानमधील स्विस दूतावासाच्या गूढलिपीतील फॅक्सवर अमेरिकेचा मजकूर येत होता आणि स्विस राजदूत तो स्वतः इराणच्या परराष्ट्र खात्यात नेऊन देत होते. उत्तर त्याच वाटेने परत जाई.

यात एक अट आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हितरक्षक देश यजमानालाही मान्य असावा लागतो. युक्रेनने रशियातील आपल्या हितरक्षणासाठी स्वित्झर्लंडला विनंती केली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये रशियाने ती नाकारली, कारण रशियावरील निर्बंधांत सामील झाल्यामुळे स्वित्झर्लंड आता तटस्थ राहिलेला नाही, असे त्याचे म्हणणे होते.

अर्धविराम:

खलिता यांनी कायदा नीट मांडला आहे, पण त्यावरून ‘फारसे काही बिघडत नाही’ असा समज होईल, आणि तो मला मान्य नाही. ज्यात दोन्ही सरकारांचा किंवा बड्या कंपन्यांचा फायदा असतो, ते चालू राहते, एवढे खरे. जून २०१७ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने कतारशी संबंध तोडले, आकाशमार्ग आणि बंदरे बंद केली, पण डॉल्फिन नळवाहिनीतून येणारा कतारचा वायू घेणे थांबवले नाही. युक्रेनने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाशी संबंध तोडले, तरी रशियन वायू युक्रेनमधून युरोपकडे जवळजवळ तीन वर्षे वाहत राहिला. तो थांबला १ जानेवारी २०२५ रोजी, दोन वायू कंपन्यांतील पाच वर्षांच्या कराराची मुदत संपल्यावर.

सामान्य माणसाच्या वाट्याला असा नळ येत नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाला भेटायला निघालेल्या इराणी आईला तेहरानमध्ये व्हिसा मिळत नाही, कारण स्विस दूतावास अमेरिकी नागरिकांची कामे पाहतो, व्हिसा देत नाही. २०२५ पर्यंत मुलाखतीसाठी तिला अंकारा, येरेवान किंवा दुबईसारखे परक्या देशातील शहर गाठावे लागे, एकदा नाही तर कधी कधी दोनदा. जानेवारी २०१६ मध्ये सौदी अरेबियाने इराणशी संबंध तोडले आणि त्या वर्षी इराणी यात्रेकरू हजला जाऊ शकले नाहीत. २०१७ पासून ते पुन्हा जाऊ लागले, संबंध मात्र जुळले मार्च २०२३ मध्ये.

उंबरठा:

सर्वांचे आभार. एक शंका उरते. राजनैतिक संबंध नसताना वाणिज्य दूतावास, म्हणजे व्हिसा आणि नागरिकांची कामे पाहणारे कार्यालय, चालू ठेवता येतो का? येत असेल, तर त्या इराणी आईचा प्रश्न तरी सुटायला हवा होता.

खलिता:

अर्धविराम यांची दुरुस्ती मान्य आहे. कलमे सांगण्याच्या नादात माणसे राहूनच गेली.

शंकेचे उत्तर: कायद्याने येतो. वाणिज्य दूतसंबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारात दुसऱ्याच कलमात म्हटले आहे की राजनैतिक संबंध तुटले म्हणून वाणिज्य संबंध आपोआप तुटत नाहीत. प्रत्यक्षातही असे घडते. भारताने इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जोडले २९ जानेवारी १९९२ रोजी. मधल्या काळात दिल्लीत इस्रायलचा दूतावास नव्हता, मुंबईत वाणिज्य दूतावास मात्र होता. इराणच्या बाबतीत अडचण कायद्याची नाही. वाणिज्य दूतावास म्हटला की तिथे आपली माणसे ठेवावी लागतात, आणि १९७९ मध्ये ज्या तेहरानमध्ये अमेरिकी अधिकारी ओलीस धरले गेले, ज्यांपैकी ५२ जण ४४४ दिवसांनी सुटले, तिथे पुन्हा माणसे पाठवायला आजवर एकही अमेरिकी सरकार धजावलेले नाही.