नवा मध्यम श्रेणीचा की वापरलेला व्यावसायिक कॅमेरा? रंगमंचाच्या फोटोंसाठी सल्ला हवा

मंदप्रकाश:
काम असं आहे: बंद सभागृहातले नृत्याचे आणि नाटकाचे प्रयोग, तालमी, अधूनमधून व्यक्तिचित्रं. व्हिडिओ थोडाच, एका वेळी पाच-सात मिनिटं. सध्या कॅननची जुनी, नवशिक्यांसाठीची एपीएस-सी (लहान सेन्सरची) डीएसएलआर (आतमध्ये आरसा असलेला कॅमेरा) आहे, सोबत ईएफ-एस १८-५५ आणि ईएफ ५० मिमी एफ/१.८ या लेन्स. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० च्या वर गेलं की फोटो देण्यासारखे उरत नाहीत.

बजेटमध्ये दोन गोष्टी बसतात. एक, नवा ईओएस आर१० (एपीएस-सीच, पण आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस), आरएफ-एस १८-४५ किट लेन्ससह, पूर्ण वॉरंटीचा. दुसरी, वापरलेला ५डी मार्क ४ (पूर्ण फ्रेमचा, म्हणजे मोठ्या सेन्सरचा डीएसएलआर) आणि ईएफ ८५ मिमी एफ/१.८, दोन बॅटऱ्यांसकट. विकणारे शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उडालं तो आकडा) १,१०,००० सांगतात. तो आकडा ऐकून हात आखडतोय. किती म्हणजे जास्त? आणि कॅमेरा हाताळून बघायला तासभर मिळणार आहे, त्यात काय तपासू?

एफआठ:
शटरचा विचार नंतर करा. आधी लेन्स बघा, कारण तुम्ही मांडलेली तुलना कॅमेऱ्यांची नाहीच, लेन्सची आहे.

आर१० सोबतची किट लेन्स ४५ मिमीला एफ/६.३ वर येते. ८५ मिमीचं छिद्र एफ/१.८ (आकडा लहान तितकं छिद्र मोठं). दोघांत साडेतीन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) थोडं जास्त अंतर, म्हणजे प्रकाशात जवळजवळ बारा पटींचा फरक. रंगमंचावर १/२५० आणि एफ/१.८ ला आयएसओ १६०० पुरत असेल, तर तेच दृश्य एफ/६.३ ला टिपायला आयएसओ २०,००० च्या आसपास जावं लागेल. त्यात ५डी चा सेन्सर आर१० च्या अडीच पट क्षेत्रफळाचा, म्हणजे आणखी सव्वा-दीड स्टॉपचा फायदा. एकूण पाच स्टॉप. असं मांडलं तर आर१० ला संधीच नाही.

पण किट लेन्स बाजूला ठेवा. आर१० ची नुसती बॉडी, ईएफ-ईओएस आर अॅडॉप्टर आणि तुमची आत्ताची ५० मिमी एफ/१.८. हा अॅडॉप्टर म्हणजे आतून पोकळ नळी, मध्ये काच नाही, ऑटोफोकस नीट चालतो. पाच स्टॉपचं अंतर सव्वा-दीड स्टॉपवर येतं. फोटोतला कोन पूर्ण फ्रेमच्या ८० मिमीसारखा मिळतो. किट लेन्सचे वाचलेले पैसे पुढे वेगवान (मोठ्या छिद्राच्या) लेन्सकडे वळवता येतील.

उलट बाजूही बघा. ईएफ-एस १८-५५ ही ५डी वर बसतच नाही. म्हणजे ५डी घेतलात तर ५० आणि ८५ एवढंच हातात राहील. सगळा रंगमंच एका चौकटीत घ्यायला २४ किंवा ३५ मिमीची वेगळी सोय करावी लागेल. तो खर्च आजच बजेटमध्ये धरा.

दुसरा पडदा:
शटरबद्दल. ५डी मार्क ४ च्या शटरचं घोषित आयुष्य १,५०,००० आहे. हा चाचणीतला अंदाज, हमी नव्हे. काही शटर त्याआधी जातात, काही त्याच्या दुप्पट चालतात. १,१०,००० ला कॅमेरा मोडीत निघत नाही. फक्त शटर बदलण्याचा खर्च तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता धरून भाव करायचा. अधिकृत सेवा केंद्रात शटर बदलण्याचं दरपत्रक आधी मागवा, तो आकडा हातात असला की बोलणी सोपी जातात. सुटे भाग अजून मिळतात का हेही तिथेच विचारा. कॅमेरा २०१६ सालचा आहे, हा प्रश्न शटरच्या आकड्यापेक्षा मोठा.

विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर राहू नका. निकॉनमध्ये शटर काउंट फोटोच्या फाइलमध्येच असतो, थेट कॅमेऱ्यातून आलेली जेपेग एक्झिफटूल या प्रोग्रॅमने उघडली की दिसतो. या कॅननमध्ये तो फाइलमध्ये नसतो. यूएसबीने लॅपटॉपला जोडून काउंट वाचणारा प्रोग्रॅम लागतो. त्या बॉडीला रुंद मायक्रो-बी यूएसबी ३ वायर लागते, मोबाइलची यूएसबी-सी चालणार नाही, ती सोबत न्या. आणि हेही ध्यानात असू द्या की व्हिडिओचे तास या आकड्यात येत नाहीत. काउंट कमी पण व्हिडिओला भरपूर राबवलेली बॉडी असू शकते.

तासाभरात या क्रमाने बघा.

लेन्स काढून माउंटची (लेन्स जिथे बसते त्या कड्याची) कडा आणि स्क्रू तपासा. स्क्रूच्या खाचा झिजल्या असतील तर बॉडी आधी उघडली गेलीय. तळाशी ट्रायपॉडच्या छिद्राभोवती ओरखडे असले तर चालतील, पण कोपऱ्याला पोचा असेल तर पडझडीची शंका घ्या आणि पुढची फोकसची चाचणी दुप्पट काळजीने करा. सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून पिना बघा. एक जरी वाकलेली असेल तरी ती खाच बाद समजा, जबरदस्तीने कार्ड घातलं की ती पिन आडवी होते. दोन्ही खाचांत कार्ड घालून प्रत्येकावर पन्नास-साठ रॉ (प्रक्रिया न केलेले) फोटो सलग काढा.

मग सेन्सर. आयएसओ १००, एफ/१६, फोकस मुद्दाम घालवून कोरी पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश टिपा. धूळ असेल तिथे करडे ठिपके दिसतील. लेन्सला टोपण लावून ३० सेकंद, आयएसओ ८००, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवून एक फोटो घ्या. चार-सहा रंगीत बिंदू कुठल्याही जुन्या सेन्सरवर असतात. शेकड्याने दिसले किंवा सलग रेघ दिसली तर नाही म्हणा.

शटर १/८००० ला दिवसाच्या उजेडात, एकसारख्या रंगाच्या पृष्ठभागावर, वीसेक वेळा. सगळ्या फोटोंची उजळता सारखी हवी, कडेला काळपट पट्टा नको. लेन्स एफ/८ ला ठेवून पुन्हा दहा फोटो. त्यात एखादा मध्येच उजळ आला तर छिद्राच्या पात्यांवर तेल किंवा चिकटा आहे.

शेवटी फोकस. ८५ एफ/१.८ ला, दोन मीटरवरचं छापील पान, ट्रायपॉडवर. आधी व्ह्यूफाइंडरमधून, मग लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर बघून). दोन फोटो १०० टक्क्यांना मोठे करून शेजारी ठेवा. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो, त्याच्या आणि मुख्य सेन्सरच्या अंतरात केसाएवढा फरक पडला तरी फोकस पुढे-मागे सरकतो. दोन मीटरवर या लेन्सची एफ/१.८ ला स्पष्ट येणाऱ्या भागाची खोली सुमारे ६ सेंटिमीटर आहे, म्हणजे चूक लगेच दिसते.

८५ च्या आतही बघा: छिद्र पूर्ण उघडं ठेवून मागून टॉर्च. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शाखा दिसल्या तर ती बुरशी. थोडी धूळ दिसली तर सोडून द्या, ती फोटोत येत नाही.

तालमीतला:
रंगमंचासाठी एक मुद्दा वर आला नाही, आवाज. ५डी मध्ये आरसा वर-खाली होतो. सायलेंट मोडमध्ये आवाज घटतो, पण संवादांच्या मधल्या शांततेत तो पहिल्या रांगेपर्यंत पोचतोच. आर१० चं इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण मुकं आहे. मात्र त्याला दोन पथ्यं आहेत. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे गिरकी घेणाऱ्याचे हात तिरके-वाकडे येतात, आणि एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे उमटतात. म्हणजे नाटकाच्या स्थिर प्रसंगांना इलेक्ट्रॉनिक, नृत्याला यांत्रिक शटर, असं अदलाबदल करत राहावं लागेल.

दिव्यांची लुकलुक ओळखून योग्य क्षणी शटर उडवणारा अँटी-फ्लिकर पर्याय ५डी मार्क ४ मध्ये आहे. डीएसएलआर घ्याल तर तो चालू ठेवा. सलग फोटोंचा वेग किंचित घटतो, पण रंग आणि उजळता एकसारखी राहते.

व्हिडिओत ५डी मागे आहे. ४के घेताना चौकट १.७४ पट कापली जाते आणि फाइल मिनिटाला साडेतीन जीबीच्या आसपास भरते. पाच-सात मिनिटांचा प्रसंग म्हणजे वीस-पंचवीस जीबी. आर१० ३० फ्रेमचं ४के सेन्सरच्या पूर्ण रुंदीतून देतो. फक्त त्याच्या बॉडीत स्थिरीकरण नाही, आणि तुमची ५० मिमी देखील स्थिरीकरणाशिवायची आहे, तेव्हा व्हिडिओला ट्रायपॉड किंवा मोनोपॉड हवाच.

आता ज्यासाठी मी ५डी कडे झुकतो ते: दोन कार्डं. प्रयोग पुन्हा होत नाही. ५डी एकच फोटो सीएफ आणि एसडी दोन्हींवर लिहू शकतो. आर१० ला एकच खाच. पैसे घेऊन काम करणार असाल तर माझ्या लेखी हा निर्णायक फरक आहे.

निळी चौकट:
दोनच पर्याय का? तुमच्या लेन्स कॅननच्या आहेत, तर वापरलेला आर६ शोधा. २०२० चा आहे, पूर्ण फ्रेम, २० मेगापिक्सेल, बॉडीत स्थिरीकरण, एसडीच्या दोन खाचा, डोळा ओळखणारा फोकस. ईएफ लेन्स त्याच अॅडॉप्टरने चालतात. फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे वर सांगितलेला पुढे-मागे सरकण्याचा दोष या मिररलेस जातीत उद्भवत नाही. ५डी चे ६१ फोकस बिंदू चौकटीच्या मध्यभागी दाटलेले आहेत. नर्तक कडेला ठेवून चौकट रचायची तर फोकस घेऊन कॅमेरा वळवावा लागतो, आणि ६ सेंटिमीटरच्या खोलीत तेवढं वळवणंही महागात पडतं. बजेटला ८५ मिमी आत्ता बसली नाही तरी ५० वर सहा महिने निघतील.

मंदप्रकाश:
सर्वांचे आभार. आर६ शोधतोय, अजून बजेटात मिळालेला नाही. दरम्यान ५डी बघून आलो. काउंट प्रोग्रॅमने १,१२,००० च्या थोडा वर दाखवला. पिना सरळ. एफ/१६ ला तीन ठिपके. १/८००० ला वरच्या बाजूला काळपट पट्टा, पण प्रत्येक फोटोत नाही आणि कधी मधोमध. तेव्हा बाहेर अंधार पडला होता, चाचणी घरातल्या एलईडीखाली केली. व्ह्यूफाइंडरचा फोकस नेमलेल्या ओळीच्या दीड-दोन सेंटिमीटर मागे जातो, लाइव्ह व्ह्यूत अचूक. मेनूत बॅटरीची तब्येत बघितली: एका बॅटरीचे तीन हिरवे चौकोन, दुसरीचा एक लाल.

दुसरा पडदा:
पट्ट्याची जागा बदलते म्हणजे तो बहुधा दिव्यांचा आहे. या शटरचे पडदे चौकट ओलांडायला काही मिलिसेकंद घेतात. दिवा सेकंदाला १०० किंवा १२० वेळा मंद-तेज होत असेल तर तेवढ्या वेळात त्याची उजळता पडते, आणि त्या क्षणी उघडी असलेली फट काळपट येते. शटरच बिघडलं असेल तर पट्टा सहसा एकाच कडेला असतो. पण अंदाजावर पैसे देऊ नका. दिवसा पुन्हा जाऊन १/८०००, १/४००० आणि १/२००० ला प्रत्येकी वीस फोटो घ्या. सूर्यप्रकाशात एकही पट्टा आला तर व्यवहार सोडा.

ठिपके किरकोळ आहेत. मेनूतून सेन्सर साफ करून बघा, राहिलेला हातपंपाच्या हवेने जातो का पाहा. फोटोत वर दिसणारा ठिपका समोरून बघताना सेन्सरवर खाली असतो, डावं-उजवं मात्र तेच राहतं. डब्यातली दाबाची हवा वापरू नका, तिचे द्रव थेंब सेन्सरवर बसतात.

फोकस मागे जातोय तो एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट या मेनूतल्या फोकस दुरुस्तीच्या सोयीतून जागेवर आणता येतो, अधिक-उणे २० ची सोय आहे. मागे जातोय म्हणून उणे बाजूला, पाच-पाचच्या टप्प्याने, दर टप्प्याला तीन फोटो, दर वेळी आधी लेन्स अनंतावर फिरवून. उणे दहाच्या आत जुळलं तर निश्चिंत घ्या. उणे वीसलाही जुळलं नाही तर दोष लेन्सचा की बॉडीचा ते ठरवायला तुमची ५० लावून तीच चाचणी करा. दोन्ही लेन्स सारख्याच मागे गेल्या तर बॉडी सेवा केंद्रात जायला हवी, तो खर्च भावातून वजा करा.

एफआठ:
लाल चौकोनाची बॅटरी शून्य किमतीची धरा.

तालमीतला:
आणि दिवसा जाल तेव्हा सभागृहातलं तुमचं नेहमीचं अंतर मोजून ठेवलेलं असू द्या. तेवढ्याच अंतरावर कुणाला उभं करून ८५ ने चौकट बघा. आज एपीएस-सी वर ५० ने जी चौकट मिळते, ती पूर्ण फ्रेमवर जवळजवळ ८५ ची आहे. म्हणजे ५डी घेऊन तुम्ही पूर्वीपेक्षा जवळ जाणार नाही. शेवटच्या रांगेतून चेहरे हवे असतील तर ७०-२०० एफ/२.८ लागेल, आणि तिचं वजन एकटीचंच दीड किलो आहे.